राजगड, देवी पद्मावती आणि गडाखालचा मुलूख

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत किल्ल्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर खुद्द राजगडावर पाहावयास मिळते. ज्या गडावर हिंदवी स्वराज्याचा कारभार सुमारे पंचवीस वर्षे चालला, त्या गडावरचा राजवाडा आज जोत्यापुरता उरला आहे. सदर पडली, कोठारे पडली, शिलेदारांच्या घरांचे नुसते चौथरे राहिले. देवी पद्मावतीचे देऊळ मात्र उभे आहे व त्यात दिवाही लागतो. असे का झाले, हे समजून घ्यावयाचे तर गड पायांनी चढून पाहिला पाहिजे, आणि गडाइतकेच त्याच्या खालच्या खोऱ्यांकडेही पाहिले पाहिजे.

पुण्याहून सातारा रस्त्याने निघावे व नसरापूर फाट्यावर उजवीकडे वळावे. हा रस्ता वेल्ह्याला जातो. वाटेत मार्गासनी लागते. तेथून सरळ गेल्यास तोरण्याचा पायथा येतो आणि डाव्या हाताला साखरवरून गेल्यास गुंजवणे व वाजेघर ही राजगडाखालची गावे येतात. मार्गासनी सोडली की समोरच्या डोंगराच्या माथ्यावर एक उंच सुळकेवजा कडा आभाळात शिरलेला दिसू लागतो. तोच राजगडाचा बालेकिल्ला होय. समुद्रसपाटीपासून गडाची उंची सुमारे साडेचार हजार फूट आहे. नीरा, वेळवंडी, कानंदी आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांच्या बेचक्यात हा डोंगर असा काही बसला आहे की कोणत्याही बाजूने यावयाचे म्हटले तरी एखादी खिंड नाहीतर एखादा नदीचा उतार ओलांडल्याशिवाय त्याच्या पायाशी येता येत नाही. दक्षिणेला वेळवंडीवर १९२८ साली भाटघरचे धरण पुरे झाले. तेव्हापासून त्या अंगाला गडावरून पाण्याचा विस्तीर्ण पट्टा दिसतो. महाराजांच्या काळी तेथे नदीचे नुसते पात्र होते.

या सर्व प्रदेशाला मावळ म्हणतात. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एकेका नदीचे खोरे म्हणजे एकेक मावळ, आणि प्रत्येक मावळाचा एक वतनदार देशमुख. गुंजण मावळाचे देशमुख शिळीमकर, कानद खोऱ्याचे मरळ. जमीन डोंगरउताराची व तुकड्यातुकड्यांची. खाचरात भात, वरकसावर नाचणी व वरई, आणि बाकी सारे रान. पावसाचे चार महिने पाणी धो धो कोसळते व उन्हाळ्यात हंड्यासाठी मैलभर चालावे लागते. अशा मुलखातला माणूस काटक होतो, यात नवल नाही. पण तो केवळ काटक होता म्हणून स्वराज्य झाले असे म्हणणे अपुरे ठरेल. त्याला डोंगराची प्रत्येक वाट ठाऊक होती, आणि ही माहिती बाहेरून आलेल्या कोणत्याही सरदाराला पैशाने विकत मिळण्यासारखी नव्हती.

राजगडाचे जुने नाव मुरुंबदेव. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा डोंगर अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला. पुढे तो कधी निजामशाहीत तर कधी आदिलशाहीत असे. विजापूरच्या फौजेने मुरुंबदेवावर हल्ला केला असता शहाजीराजांच्या बाजूने लढताना बालाजी नाईक शिळीमकर जखमी झाले व शहाजीराजांनी पुढे त्यांचा सन्मान केला. म्हणजे शिवाजी महाराजांनी या डोंगरावर चुन्याची पहिली घमेली टाकण्यापूर्वीच त्यावर गुंजण मावळाचे रक्त सांडलेले होते. ही गोष्ट गडाखालच्या मुलांना शाळेत सहसा सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे.

महाराजांनी प्रथम तोरणा घेतला. तोरण्यावर डागडुजी करताना धन सापडले आणि ते धन त्यांनी समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर घातले, अशी परंपरेने आलेली हकिकत आहे. सभासदाच्या बखरीत या डोंगराला वसवून त्याचे नाव राजगड ठेवल्याचा व चार माच्या वसविल्याचा उल्लेख येतो. प्रत्यक्षात माच्या तीन आहेत. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. चौथी म्हणून बखरकाराने बालेकिल्ला धरला असावा. तोरणा उंच खरा, पण त्याचा माथा अरुंद व अडचणीचा. राजधानीला लागते ती मोकळी सपाटी, मुबलक पाणी आणि तीन बाजूंना पसरलेले तट. हे सारे मुरुंबदेवावर होते, आणि नव्हते ते करून घेता येण्यासारखे होते.

गड बांधताना काय पाहावे याचे पुढे आज्ञापत्रात सविस्तर विवेचन आले आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेला हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचा, पण त्यातली शिकवण शिवकाळाच्या अनुभवातूनच आलेली आहे. आधी पाणी पाहावे व मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी खोदावी. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईच्या दिवसांत तो आटला तर गड आपोआप गेला. गडाच्या वाटा सुगम असू नयेत. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखी झाडे लावावी, म्हणजे प्रसंगी लाकूड बाहेरून आणावे लागत नाही. डोंगरी किल्ल्यांवर खडक फोडून निघालेला चिरा तटाला लागे व राहिलेल्या खड्ड्याचे टाके होई. एका कामात दोन कामे साधण्याची ही रीत पाहिली म्हणजे त्या कारागिरांच्या हिशेबीपणाचे कौतुक वाटते.

गडावर जाण्यास वाटा अनेक आहेत. गुंजवण्याहून निघणारी वाट चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर चढते. ती जवळची पण दमछाक करणारी आहे आणि शेवटच्या टप्प्यात आधारासाठी लोखंडी कठडे धरावे लागतात. वाजेघरच्या अंगाची पाली दरवाज्याची वाट हा गडाचा राजमार्ग. ती लांब, पण पायऱ्यांची व बेताची आहे. म्हाताऱ्या माणसांनी व लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी हीच धरावी. पाली दरवाजे दोन आहेत. खालचा दरवाजा इतका उंच व रुंद आहे की अंबारीसह हत्ती आत यावा. त्याहून वर गेल्यावर बुरुजांच्या कुशीत दडलेला दुसरा दरवाजा लागतो. खाली उभे राहून पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. ज्या वाटेने पाहुणा सन्मानाने वर यावा त्याच वाटेवर शत्रू दोन्ही अंगांनी माऱ्यात सापडावा, अशी ही योजना आहे.

पाली दरवाज्यातून आत आल्यावर पद्मावती माची लागते. तिन्ही माच्यांत ही सर्वांत प्रशस्त आणि गडाची मुख्य वस्ती हिच्यावरच होती. पद्मावती तळ्याच्या भिंती अजून शाबूत असून तळ्यात उतरण्यासाठी भिंतीत कमान ठेवलेली आहे. आत गाळ मात्र पुष्कळ साचला आहे. तळ्यापासून वर राजवाड्याचे जोते, सदर, अंबारखाना, दारूकोठार यांचे अवशेष क्रमाने लागतात. अंबारखान्याच्या जोत्यावर उभे राहून चारी बाजूंना नजर टाकली तर या ठिकाणी एके काळी रोज किती माणसे जेवत असतील, त्यांचे धान्य कोण वाहून आणत असेल, त्याची मोजदाद कोण ठेवत असेल, असे विचार मनात येतात. गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे तीन मुख्य अधिकारी असत व कोठाराकडे कारखानीस असे. फौजेचे काम एकाकडे, लेखणीचे दुसऱ्याकडे, कोठाराचे तिसऱ्याकडे. कोणा एकाच्या हाती सारा गड देऊन ठेवायचा नाही, हा त्यातला मुद्दा होता. आजच्या कचेरीत एका कागदावर तीन सह्या लागतात म्हणून लोक वैतागतात. तीन सह्यांची पद्धत नवी नाही, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.

गडावर असत ती माणसे मोजकी. त्यांना सांभाळणारी खरी वस्ती गडाच्या घेऱ्यात, म्हणजे पायथ्याच्या गावांत होती. गवत, सरपण, धान्य वर पोचविणे, डोंगराच्या अंगावरील मेटांवर रात्रीची गस्त घालणे, अनोळखी माणूस रानात दिसला तर वर कळविणे, ही कामे रामोशी, महार, कोळी व इतर जातींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत. बखरींत त्यांची नावे फारशी नाहीत. पण तट दगडाचा असला तरी त्याच्या पुढचा पहिला तट या गावांचाच होता.

त्याची किंमतही त्यांनीच मोजली. मार्च १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला. पुरंदर लवकर पडत नाही असे पाहून त्याने दाऊदखान कुरेशीला वेगळी फौज देऊन राजगड, सिंहगड व रोहिडा यांच्या आसपासच्या मुलखात सोडले. शेती आणि वस्ती यांचा मागमूस राहू नये, असाच त्या मोहिमेचा हेतू होता. गावे जाळली गेली, गुरे हाकून नेली, माणसे धरून नेली. ३० एप्रिल १६६५ रोजी ही फौज राजगडाच्या खाली येऊन ठेपली. गडावरून तोफांचा व बाणांचा मारा झाला तेव्हा तिला माघार घ्यावी लागली. गड वाचला, पण गडाखालचे एप्रिलअखेरचे दिवस म्हणजे पेरणीपूर्वीचे, घरात साठविलेल्या बियाण्याचे दिवस. घर जळाले म्हणजे बियाणेही जळाले, आणि बियाणे जळाले म्हणजे पुढचे वर्ष उपासाचे. जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांकडे गेला. बारा किल्ले महाराजांकडे राहिले व त्यांत राजगड होता. तहाच्या कलमांत किल्ले मोजले आहेत, होन मोजले आहेत. जळालेल्या घरांची मोजदाद कोणत्याही कलमात नाही.

त्यानंतरच्या वर्षी, ५ मार्च १६६६ रोजी, महाराज आग्र्याला निघाले ते राजगडावरूनच, आणि सुटून परत आले तेही राजगडावरच. मधल्या काळात ते नसताना राज्याची घडी विस्कटली नाही, याचे श्रेय जिजाबाईसाहेबांना व गडावरील कारभाऱ्यांना द्यावे लागते. गडाने सुखाचे व दुःखाचे दोन्ही दिवस पाहिले. महाराणी सईबाई १६५९ साली याच गडावर वारल्या. पद्मावतीच्या देवळाजवळ त्यांची म्हणून एक समाधी दाखविली जाते. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० रोजी याच गडावर झाला. त्याच महिन्याच्या आरंभी सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले होते. गड घेतल्याची खूण म्हणून सिंहगडावर जाळ केला व तो राजगडावरून दिसला, असे बखरीत आले आहे. सुवेळा माचीच्या टोकावर उभे राहून निरभ्र सकाळी उत्तरेला सिंहगड पाहिला म्हणजे या गोष्टीत अशक्य असे काही नाही हे पटते.

आता देवळाविषयी. पद्मावतीचे देऊळ माचीच्या मधोमध असून त्याचा जीर्णोद्धार २००२ साली झाला. समोर रामेश्वराचे जुने देऊळ आहे. पद्मावतीच्या गाभाऱ्यात शिरणाऱ्या नवख्या माणसाला एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. तेथे देवी एका रूपात नसून तीन रूपांत आहे. मुख्य पूजेची मूर्ती भोरच्या पंत सचिवांनी बसविलेली. तिच्या उजवीकडे एक लहान मूर्ती आहे ती शिवाजी महाराजांनी स्थापिलेली, असे सांगतात. आणि या दोन्हींच्या मध्ये शेंदूर माखलेला एक तांदळा आहे. तो सर्वांत जुना, आणि डोंगरची खरी पद्मावती तीच अशी श्रद्धा आहे.

हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. महाराजांनी मूर्ती बसविली तेव्हा तांदळा उचलून कड्यावरून टाकला नाही. पंत सचिवांनी मोठी मूर्ती आणली तेव्हा महाराजांची लहान मूर्ती अडगळीत गेली नाही. राज्ये बदलली, मूर्ती घडविण्याची रीत बदलली, पण एकाच गाभाऱ्यात, एकाच समईच्या उजेडात तिन्ही पिढ्यांची देवी राहिली. गावोगावच्या जीर्णोद्धारात आज नेमका उलटा प्रकार पाहावयास मिळतो. संगमरवरी मूर्ती येते आणि जुना तांदळा पाण्यात सोडला जातो. कोरीव द्वारशाखा काढून लोखंडी दार बसते. दीपमाळ रस्त्याच्या आड येते म्हणून पाडली जाते, वीरगळ धुणे धुण्याच्या दगडाला लागतो. देणगीदाराची भावना शुद्ध असते, कारागीरही मनापासून काम करतो. परंतु पाचशे वर्षांचा पुरावा चार दिवसांत नाहीसा होतो आणि मग गावाला आपले देऊळ किती जुने हे सांगण्यासाठी ऐकीव गोष्टीखेरीज काही उरत नाही. दगडावर तैलरंग फासल्याने तो टिकतो हीही एक समजूतच. काळा दगड श्वास घेतो. रंगाखाली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात.

पद्मावती माचीवरून बालेकिल्ल्याची चढण सुरू होते. ही वाट कड्याच्या अंगाने जाते व काही जागी हाताने धरून चढावे लागते. पावसात येथे घाई करू नये. वर महादरवाजा आहे. अफजलखानाचे शिर या दरवाज्यापाशी पुरले अशी आख्यायिका आहे. तिला लेखी आधार कितपत आहे हा वाद बाजूला ठेवला तरी दरवाजा मात्र खणखणीत आहे. वर जननीदेवीचे स्थान, ब्रह्मर्षीचे देऊळ, चंद्रतळे आणि वाड्यांची जोती आहेत. वारा इतका की टोपी हाताने धरावी लागते. हवा स्वच्छ असल्यास तोरणा, सिंहगड, पुरंदर आणि पश्चिमेला रायगड व लिंगाणा अशी स्वराज्याची सारी मांडणीच डोळ्यांपुढे येते. पुस्तकातला नकाशा पाहून जे कळत नाही ते येथे पाच मिनिटांत कळते. एक गड पडला तरी दुसऱ्याने उठावे, एकाने धूर केला तर दुसऱ्याने पाहावा, अशी ती मांडणी होती.

सुवेळा माची पूर्वेला, उगवतीच्या दिशेला. तिच्यावर तानाजी मालुसरे, येसाजी कंक आणि शिळीमकर यांच्या घरांचे म्हणून चौथरे दाखवितात. पुढे खडकाला आरपार पडलेले एक मोठे भोक आहे. त्याला नेढे म्हणतात. ते कोणी खोदलेले नसून वाऱ्यापावसाने आपोआप झालेले आहे. नेढ्यात बसले की एका अंगाला गुंजवण्याची खाचरे व दुसऱ्या अंगाला भाटघरचे पाणी दिसते. शाळेच्या सहलीतली मुले येथून उठायला तयार नसतात, आणि त्यांचे काही चुकते असे म्हणता येत नाही.

संजीवनी माची मात्र मुलांची नव्हे, जाणकाराची जागा आहे. पश्चिमेला तोरण्याच्या रोखाने ही सोंड सुमारे अडीच किलोमीटर लांब गेली आहे. डोंगराची सोंड अशी पसरलेली असली की शत्रूला चढण्यास तेवढी जास्त जागा मिळते. मग ती सोडून द्यावी काय? सोडली तर शत्रू तिच्यावर तोफा चढवून गडाला भिडणार. म्हणून तिला तीन टप्प्यांत तटबंदी घातली, आणि तीही दुहेरी. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आला तर तो मोकळ्या गडावर न येता दोन तटांमधल्या अरुंद, खोल बोळात सापडतो. तेथे पळता येत नाही की वळता येत नाही. बुरुजही असेच चिलखती, म्हणजे एका बुरुजाभोवती दुसऱ्या बुरुजाचे कवच. आतल्या पायऱ्या इतक्या अरुंद आणि काळोख्या आहेत की एका वेळी एकच माणूस उतरावा. तट डोंगराच्या कडेप्रमाणे वळत जातो, कोठेही सरळ रेषेचा हट्ट नाही. आळू दरवाज्यातून उतरून तोरण्याकडे जाणारी वाट याच अंगाला आहे. धडधाकट माणसे एका दिवसात दोन्ही गड करतात.

इतका बळकट गड पडला कसा? १६८९ साली संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या धामधुमीत मोगलांनी तो घेतला होता, पण लवकरच गमावला. १७०३ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः आला. पुण्याकडून येणाऱ्या घाटातली वाट इतकी बिकट की ती नीट करण्यासाठी गवंडी आणि बेलदार महिनाभर आधी पाठवावे लागले. तरीही पुष्कळसे सामान वाटेतच टाकून द्यावे लागले. हिंदुस्थानच्या बादशहाला गुंजण मावळाच्या चिखलाने असे नमविले. दोन महिन्यांहून अधिक काळ झुंजल्यावर फेब्रुवारी १७०४ मध्ये गड त्याच्या हाती आला व त्याने त्याचे नाव नबीशहागड असे ठेवले. ते नाव कोणाच्याही तोंडी बसले नाही. १७०७ साली बादशहा वारला आणि त्याच वर्षी गुणाजी सावंतांनी गड परत घेतला.

खरी पडझड झाली ती यानंतर, गड आपल्याच ताब्यात असताना. शाहू महाराजांच्या काळापासून गडाची व्यवस्था सचिवांकडे आली व पुढे तो भोर संस्थानात राहिला. राजधानी तर १६७० नंतरच्या दोनतीन वर्षांत रायगडला गेलेली होती. पेशवाईत या गडाची आर्थिक स्थिती इतकी खालावली की वरच्या नोकरांचे पगारसुद्धा वेळेवर होत नसत. पगार थकला म्हणजे आधी छपराची गवतकाडी थकते, मग तळ्याचा गाळ राहतो, मग पहारेकरी खाली शेतावर जातो तो परत येत नाही. शाकारणी चुकलेले घर चार पावसाळे काढत नाही, तेथे वाड्याचे काय? तुळया कुजल्या, भिंतीत पिंपळ रुजले. औरंगजेबाच्या तोफांनी राजगडाचे जेवढे नुकसान केले त्याहून अधिक नुकसान साध्या पावसाने केले, असे गड पाहिल्यावर म्हणावेसे वाटते.

देऊळ राहिले, कारण त्याला माणसे लागली आणि माणसांना ते लागले. गुराखी वर जात, देवीला नारळ फुटे, कोणी नवस फेडी, कोणी कौले बदली. टाक्यांचेही तसेच. ज्या टाक्याचे पाणी माणसे पीत राहिली ते टाके निर्मळ आहे आणि जे कोणी वापरले नाही ते बुजले.

भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. आज राजगड हे राज्य संरक्षित स्मारक असून राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत महाराष्ट्रातील अकरा व तामिळनाडूतील जिंजी आहे, आणि राजगड या बारांत आहे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा यांच्या पंक्तीला गुंजण मावळाचा हा डोंगर बसला, याचा गडाखालच्या कोणत्याही घराला आनंदच व्हावा.

आनंदाबरोबर कामही वाढले आहे. रविवारी व सुटीच्या दिवशी चोरदरवाज्याच्या वाटेवर रांग लागते. येणाऱ्यांपैकी बहुतेक मुले भाविकपणे येतात, पायथ्याशी वाकून माती कपाळाला लावतात. काहीजण मात्र प्लास्टिकच्या बाटल्या टाक्यात सोडून जातात आणि तटावर आपले नाव कोरून ठेवतात. संरक्षित स्मारकावर नाव कोरणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना कोणी तरी जागीच सांगावे लागते. ते काम सरकारी पाटीपेक्षा ताक विकणारी म्हातारी अधिक चांगले करते असा अनुभव आहे. गडावर ताक, दही, पिठले-भाकरी विकून खालच्या वाड्यांतली काही घरे चार पैसे मिळवितात. पूर्वी घेऱ्यातली माणसे गडाला धान्य पोचवीत, आता भाकरी पोचवितात. पाठीवरचे ओझे आणि वाट तीच आहे.

आणखी एक गोष्ट दगडांची. गड ओस पडले त्या काळात महाराष्ट्रातल्या पुष्कळ गडांखालच्या गावांत घडीव चिरे खाली आले व घरांच्या जोत्यांत बसले. त्या काळी त्यात कोणाला गैर वाटत नसे. आता तो चिरा सरकारी नोंदीतला आहे व तेथून हलविणे गुन्हा आहे. देवकार्यासाठी नेला म्हणून त्याला सूट नाही. देवळाला दगड हवा असेल तर तो खाणीचाच आणावा. खुद्द जुन्या देवळाचे जे दगड जीर्णोद्धारात निघतात त्यांची मात्र गोष्ट वेगळी. ते गावाचेच असतात. पाडकामापूर्वी चारी बाजूंची छायाचित्रे घ्यावी, चिऱ्यांवर खडूने आकडे घालावे, अक्षरे असलेला दगड निघाल्यास कागदावर ठसा घेऊन जाणत्याला दाखवावा आणि वीरगळ, सतीशिळा, जुने तांदळे यांना आवारातच एका ओळीने ओटा बांधून बसवावे. खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ असते. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाटीला जेवढा खर्च येतो त्याहून तो अधिक होत नाही.

गड पाहण्यास दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा टाक्यांना पाणी असते, रान हिरवे असते आणि ऊन बोचत नाही. चढताना चोरदरवाज्याने आले असल्यास उतरताना पाली दरवाजा धरावा. पायऱ्या संपून वाट झाडीत शिरली की वाजेघरची खाचरे खाली दिसू लागतात. दसऱ्याच्या सुमारास भात लोंबीला आलेले असते व कापणीची लगबग सुरू व्हायची असते. बांधावरून चालताना मागे वळून पाहिले तर पाली दरवाजा बुरुजांच्या आड गेलेला असतो आणि बालेकिल्ल्याचा माथा तेवढा उन्हात दिसत राहतो.